आकुनी झाली का?

३ फेब्रुवारी, सोमवार

आज पाटी आली आणि परत गेली. 'गावोगावचं ताट' एवढंच लिहायला सांगितलं होतं. पेंटरने खाली आपल्या मनाने 'शुद्ध शाकाहारी' ठोकून दिलं. कोणी सांगितलं, विचारलं तर म्हणतो, "वैनी, सगळ्याच पाटीवर असतंय की, म्हणून टाकलं." रविवारी मटणाचं ताट ठेवणार आहे मी. कपाळाला हात लावला.

सांगलीच्या विश्रामबागेतला हा गाळा म्हणजे चार टेबलं, एक ओटा आणि मागे एवढीशी मोरी. पाडव्याला उघडायचं असं सगळ्यांना सांगून बसले आहे. कल्पना सोपी आहे. प्रत्येक पदार्थ कुठल्या तरी घरातला असेल, आणि तो त्या घरात कुठून आला ते भिंतीवर लिहिलेलं असेल. चंद्राबाईंची हुग्गी ठरली. त्या जतकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. त्यांच्याकडे जत्रेला ही गव्हाची, गुळातली खीर कढईभर होते. स्वयंपाकाला त्याच माझ्याबरोबर उभ्या राहणार आहेत, हे माझं नशीब.

आणि माझ्या सासरची आकुनी. ती नसेल तर हे ताट कुठल्याही खानावळीत मिळेल.

आकुनी म्हणजे सोयाबीन उकडायचं, केळीच्या पानात बांधायचं, उबेला ठेवून आंबवायचं, मग भाजलेल्या मिरच्या आणि लसणाबरोबर त्याची चटणी वाटायची. लग्न होऊन मी वाईहून या घरात आले तेव्हा पहिल्यांदा तो वास आला आणि मला वाटलं माळ्यावर उंदीर मेलाय. आता चटणी मी मागून खाते. पुडी उघडतात तेव्हा मात्र घराबाहेर असते. सासरे हंबीरराव फौजेत होते, ते नागालँडात असताना ती या घरात आली, एवढंच मला माहीत. चुलत सासरे लालासाहेब तर म्हणतात की ती गडावरच्या शिबंदीची शिदोरी आहे. त्यांच्या मते जगातली प्रत्येक गोष्ट गडावरूनच खाली आली.

करता येते फक्त सासूबाईंना. मनुबाई. या घराच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणते. दिवाळीत गावी न्हाणीत त्यांचा पाय घसरला, डोकं मागून आपटलं, टाके पडले. स्कॅनमध्ये काही निघालं नाही. तेव्हापासून आमच्याकडे, सांगलीत आहेत. आज त्यांना म्हटलं, आत्या, आकुनी शिकवा, आणि उघडल्यावर तुम्ही रोज ओट्याजवळ खुर्ची टाकून बसा, चव घ्या, तुमच्या जिभेवर हे सगळं चालेल.

त्या म्हणाल्या, "न्हाई जमायचं मला."

का, ते नाही. उठून बाल्कनीत गेल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

आज भांडण झालं. कालची आमटी आंबली होती. आत्यांनी तीच गरम करून माझ्या नवऱ्याच्या, उदयच्या पुढ्यात ठेवली. त्याने एक घास घेतला आणि वाटी गुपचूप बाजूला सरकवली, आईला वाईट वाटू नये म्हणून. मी कशाला गप्प बसते. म्हटलं, आत्या, ही टाकायची होती. तर म्हणाल्या, "मग तू बघायची व्हतीस की आधी."

गावी ओसरीत बसून या बाई सांगायच्या की पलीकडच्या घरी दूध लागलंय. इथे माझ्या स्वयंपाकघरात आंबलेली आमटी दिसत नाही. मन लावायचंच नाही म्हटल्यावर कसं दिसणार.

शिवाय हल्ली प्रत्येक घासाला हिरवी मिरची. मी काहीही करू दे, भाजी असो की भात, आधी मिरची मोडून घेतात. माझ्या हाताला चव नाही असं म्हणायचं असेल तर तोंडाने म्हणावं. उदयला बोलले तर तो म्हणतो, "वय झालंय आईचं, सोड ना." ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घेऊन त्याला सोड म्हणायची सवय लागली आहे. घरात मी काय काय सोडू?

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाईला बाबांना फोन केला. माझ्या माहेरचंही काहीतरी भिंतीवर हवं. म्हटलं, बाबा, आपल्या घरातली साबुदाण्याची खिचडी ठेवते, भटजींच्या घरची, उपासाची, तिचा इतिहास सांगा. बाबा निवृत्त शिक्षक, त्यांना एवढं विचारायचा अवकाश.

"साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो समुद्रापलीकडून आला," म्हणाले. "शेंगदाणा तिकडचाच. मिरची तिकडची. बटाटा घालत असशील तर तोही तिकडचा. पोर्तुगीज वगैरे लोकांच्या गलबतांतून आलेलं सगळं."

"मग आपलं काय त्यात?"

"जिरं म्हणावं तर तेही कुठल्या तरी वाळवंटातून आलेलं. तूप आपलं, असं धरून चाल."

म्हणजे कृष्णेत आंघोळ करून पिढ्यान्‌पिढ्या सोवळ्यात जे खाल्लं ते असं निघालं. मला हसू यायला हवं होतं, पण चिडचिडच झाली. एका घरातली बाई सांगत नाही, दुसऱ्या घरातला माणूस सांगतो तर हातात काही उरत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आत्या शिकवत नाहीत तर नको. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी गुरुवारी सोयाबीन उकडलं, मार्केटातून केळीची पानं आणली, पुड्या बांधल्या आणि गच्चीच्या जिन्यात उन्हाच्या कडेला ठेवल्या. आज वरच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवून विचारून गेल्या की तुमच्याकडे काही मेलंय का.

पुडी खाली आणली, उघडली. आत पिवळट पाणी सुटलेलं. नाकाला पदर लावला तरी डोळ्यांतून पाणी. आत्या तिथेच, हातभरावर बसून मेथी निवडत होत्या. ढिम्म हलल्या नाहीत. मला विचारतात, "कसा येतोय वास?"

"तुम्हीच बघा ना."

"तुला इचारते म्या."

परीक्षा घेतात माझी. मला येत नाही हे माझ्याच तोंडून ऐकायचंय त्यांना. पुडी कचऱ्यात टाकली, फिनेलने जिना धुतला, वरच्या बाईंची माफी मागून आले.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज मात्र बोलल्या. भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो, आणि मी काही विचारलंही नव्हतं. जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यांना नागालँडात, दिमापूरला नेलं. तोवर त्या कराडच्या पुढे गेल्या नव्हत्या. फौजेचं क्वार्टर मिळेना, म्हणून गावाबाहेर एका घरात खोली घेतली. घरमालकीण तिकडची, सुमी लोकांतली, साठीची एकटी बाई. तिला हिंदी येईना, आत्यांनाही येईना. मामा ड्युटीवर गेले की दिवस दिवस या दोघीच.

"ती लोकं फौजवाल्यांस्नी घाबरायची," आत्या म्हणाल्या. "अन् आमाला वाटायचं, ह्येच काय करतील की. पहिलं दोन महिनं म्या दाराला कडी लावून बसायची."

मग दिवस गेले. उदयच्या वेळचे. कशाचा म्हणून वास सहन होईना. भाताचा नाही, फोडणीचा नाही, मामांच्या बुटांचा तर नाहीच. खाल्लेलं राहीना. एक दिवस मालकिणीने चुलीवरच्या फळीवरून पानात बांधलेली पुडी काढली, उघडली, आणि आत्यांच्या नाकाखाली धरली.

"तुम्हाला ओकारी नाही आली?" मी विचारलं.

"त्येच तर. समद्या दुनियेची येत व्हती, त्येची न्हाई आली. तोंडाला पानी सुटलं. तिनं मला भाताबरूबर दिली अन् ती पोटात ऱ्हायली. तुजा नवरा आकुनीवर वाढलाय, पोरी."

पुढे मालकिणीने त्यांना करायला शिकवली. एका शब्दाशिवाय. रोज पुडी किंचित उघडून आत्यांच्या नाकाखाली धरायची आणि यांच्या गळ्याकडे बघायची. यांनी आवंढा गिळला नाही की मान हलवून पुडी परत फळीवर. ज्या दिवशी आवंढा गिळला त्या दिवशी ती हसायची आणि पुडी सोडायची. निघताना तिने पदरात वाळवलेली आकुनी बांधून दिली होती. तिचं नाव आत्यांना कधी नीट घेता आलं नाही, म्हणून गावी आल्यावर कुणाला सांगताही आलं नाही.

मी इतकी खूश झाले की हातातल्या शेंगा खाली ठेवल्या. म्हटलं, आत्या, हे भिंतीवर लिहायचं, हेच, आणि आता आपण तशीच करू, तुम्ही पुडी धरा, मी शिकते.

त्यांचा चेहरा झाकण ठेवल्यासारखा बंद झाला. "नगं. गोष्ट लिव. आकुनी नगं." आणि शेंगांचं सूप घेऊन आत गेल्या.

हे काय आहे? माणसाला ताटावर बसवायचं आणि ताट काढून घ्यायचं.

२ मार्च, रविवार

मोगरा सुरू झाला. कोपऱ्यावरची फुलवाली आत्यांची ओळखीची, दर उन्हाळ्यात इथे आल्या की तिच्याकडून ओंजळभर घेऊन उशाशी वाटीत ठेवायच्या. आज तिने आपणहून हाक मारली तर आत्या म्हणाल्या, "नगं गं, उगीच कशाला." फुलवाली माझ्याकडे बघायला लागली, जणू मीच बंदी घातली आहे.

१० मार्च, सोमवार

येत्या रविवारी मामांचा वर्षाचा दिवस, श्राद्धाचा. गावी पान वाढायचं, आणि मामांच्या पानात आकुनी हवीच, त्यात आत्यांनाही नाही म्हणता येणार नाही. मी उदयला पुढे केलं. त्याने एवढंच विचारलं, "आई, आबांच्या पानाला आकुनी करायची ना?" आत्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हिला बांधू दे. म्या हाय."

शेवटी एकदा. चंद्राबाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघा, येतंय की नाही सगळं जागेवर." पाटीही नीट होऊन आली.

१३ मार्च, होळी

पुरण वाटलं. जायफळ किती, विचारलं तर, "तुज्या नाकाला इचार." जळजळ झाली. पुड्या मंगळवारीच बांधून गॅसशेजारच्या फडताळात ठेवल्या आहेत. आत्या रोज दार उघडून त्यांच्याकडे नुसत्या बघतात, बोटाने दाबतात, परत दार लावतात.

१६ मार्च, रविवार (गावाहून परत आल्यावर)

रागात लिहितेय, अक्षर वाकडं येतंय.

सकाळी निघण्याआधी मी पुडी उघडली आणि श्वास रोखून आत्यांच्या नाकाखाली धरली. त्या वाकल्या. डोळे मिटले. मग डोळे उघडून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, किती वेळ. खालून उदय हॉर्न वाजवत होता. शेवटी म्हणाल्या, "झाली असंल."

मला काहीतरी खटकलं होतं. पण मी कोण वाईची, मला काय कळतं आकुनीतलं? त्या झाली म्हणाल्या, मी वाटली.

गावी पान वाढलं. घास बाहेर ठेवला, मग घरची माणसं जेवायला बसली. लालासाहेबांनी चटणीला बोट लावलं, तोंडात घातलं आणि ताटाच्या कडेला काढून ठेवलं. उदयने खाल्ली, थांबला, आणि म्हणाला, "आई, ही नासलीय." नेहमी सोड म्हणणारा माणूस. सगळ्यांसमोर, बापाच्या दिवशी.

लालासाहेब म्हणाले, "मनुवैनी, तुमच्या हातचं न्हाई वाटत ह्ये. सूनबाईनं केली काय?"

मी आत्यांकडे बघितलं. वाटलं, आता म्हणतील, म्या बघितली व्हती. त्या ताट तसंच ठेवून उठल्या आणि परड्यात जाऊन बसल्या. मी तिथे जावांच्या घोळक्यात उभी, जिला मेलेला उंदीर आणि आकुनी यातला फरक कळत नाही अशी भटाघरची पोरगी.

मला आता सगळं स्पष्ट दिसतंय. त्यांना ही गोष्ट द्यायचीच नाही. मला नाही, दुकानाला नाही, सांगलीला नाही. म्हणून मुद्दाम नासकी पास केली, मी परत नाव काढू नये म्हणून. काढणार नाही. भिंतीवरून आकुनी उतरवली.

१९ मार्च, बुधवार

बोलत नाही मी. त्याही नाही. चंद्राबाई आज हुग्गीचा अंदाज घ्यायला घरी आल्या, वेलदोडा कुटत होत्या, खोलीभर वास. आत्यांना म्हणाल्या, "अव्वा, बघा बरं, जास्ती झाला काय?" आत्या म्हणाल्या, "बरा हाय," आणि तेवढ्यात डोळ्यांत पाणी. चंद्राबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "काय ओ ताई, फार बोललाय काय त्यांना?"

म्हणजे आता दोषही माझाच.

२२ मार्च, शनिवार

दुपारी गाळ्यावरून आले. पहिल्या मजल्यावर पोचले तोच गॅसचा वास. वाटलं खालच्यांचा असेल. दुसऱ्या मजल्यावर वासाने डोकं भणभणलं, आणि तो आमच्याच दारातून येत होता.

माझ्याजवळच्या किल्लीने लॅच उघडून आत धावले. खिडक्या बंद, कारण दुपारचं ऊन. ओट्यावर दुधाचं पातेलं, उतू जाऊन खालचा बर्नर विझलेला, बटण पूर्ण उघडं. आणि दोन हातांवर, स्वयंपाकघराच्या फरशीवर, आत्या शांतपणे लसूण सोलत बसलेल्या. वर बघून म्हणाल्या, "आज लौकर आलीस?"

मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांचा दंड धरून ओढतच बाल्कनीत नेलं. ओरडत होते मी. मेला असता, आत्या, दिवा लावला असता तर, इतका वास येतोय आणि तुम्ही…

आणि तिथेच माझं वाक्य थांबलं.

आमटी. जिन्यातली पुडी. मोगरा. जायफळ. मिरच्या.

"आत्या," मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही."

त्या रस्त्याकडे बघत होत्या. "दिवाळीपासनं न्हाई," म्हणाल्या. "पडले, शुद्धीवर आले, तवापासनं न्हाई. पैल्यांदा वाटलं येईल. पडसं झाल्यावर येत न्हाई, तसं आसंल."

"सांगायचं ना मला."

"काय सांगू? तू समद्यास्नी सांगत व्हतीस, माज्या जिभेवर दुकान चालनार, आत्या खुर्ची टाकून बसनार. म्हटलं, ह्येबी गेलं म्हनून कळलं तर मग मी हितं कशाला? गावी एकटीनं ऱ्हायाचं न्हाई म्हनतोय उदय. हितं नुस्ती बसून खानारी म्हातारी. त्यापरीस खडूस म्हटल्यालं बरं."

खडूस मी खरंच म्हटलं होतं. फोनवर, बाबांना, दार लोटून. तिने ऐकलं असणार. (तिने लिहिलं मी. राहू दे.)

मला रडू आलं आणि त्या रडण्यातही राग होता. साडेचार महिने. एका घरात. नाक माझं शाबूत होतं.

२४ मार्च, सोमवार

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. डोकं मागून आपटलं की वासाच्या शिरांना इजा होते म्हणे. कधी परत येतो, कधी येत नाही, वाट बघायची. आत्यांनी विचारलं, "गोळी न्हाई व्हय त्येला?" डॉक्टर नाही म्हणाले. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "बरं झालं, एक गोळी वाचली."

उदयला सांगितलं. तो आईच्या खोलीत जाऊन बसला, आणि बऱ्याच वेळाने बाहेर येऊन मला विचारलं, "त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो ना?" मी हो म्हटलं. सोड म्हणाले नाही.

मग आत्यांसमोर सोयाबीन भिजत घातलं. म्हटलं, पाडवा सहा दिवसांवर आलाय, मला आकुनी हवी आहे.

"अगं, मला कळत न्हाई तर."

"मला येतो ना वास. मी सांगते कसा येतोय, तुम्ही सांगा काय करायचं."

२७ मार्च, गुरुवार

सांगते म्हणाले खरी, पण हे सांगायचं कसं? परवा उकडून बांधलं. काल पहिल्यांदा पुडी सैल केली आणि नाक घातलं. "कसा येतोय?" "घाण." "घान म्हंजी कसली? गोठ्याची का गटाराची?" मला गोठ्यात आणि गटारात फरक करता येत नाही. वाईला आमच्या घरात वासांची दोनच नावं होती, छान आणि शी.

आत्या चिडल्या. मीही चिडले. चिडल्यावर तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, घाटावर देवळामागे भिजलेलं गोणपाट पडून असतं ना, तसा. त्या एकदम म्हणाल्या, "हां. मग अजून कच्ची. बांध."

आज सकाळी: लोणच्याच्या बरणीच्या तळाचा. "अन् त्येच्या खाली?" खाली काय असणार. परत नाक घातलं. खाली कुठेतरी भाजलेल्या शेंगदाण्याचा.

आत्यांनी डोळे मिटले. "व्हय," म्हणाल्या. "त्योच. नाकात टोचतोय का?"

"नाही."

"टोचला की गेली. त्या दिवशी टोचत आसनार."

टोचत होता. गावी जायच्या दिवशी. श्वास रोखला तरी टोचला होता, आणि मी काही बोलले नव्हते. तेही आज त्यांना सांगितलं. म्हणाल्या, "तू श्वास धरून हुबी. मला तुज्या तोंडावरचं काय वाचता येईना. घाई हाय एवढंच दिसत व्हतं."

२९ मार्च, शनिवार

काल दिवसभर पुडी तशीच होती. मी दर थोड्या वेळाने वास घ्यायचे, शब्द शोधायचे. सुंभ. भिजलेली वही. उन्हात उघडलेलं हळदीचं पेव. आत्या नुसत्या, "अजून न्हाई, अजून न्हाई." माझा धीर सुटत चालला होता. पाडवा उद्यावर, हुग्गीचा गहू सडायचा राहिलाय, पेंटर नवीन ओळी लिहायला आलाच नाही.

आज सकाळी चहाच्या आधी पुडी उघडली, वाकले, आणि शब्द जुळवत होते. आत्या समोर पाटावर. मी म्हटलं, "आज जरा…"

"झाली," त्या म्हणाल्या.

"अहो, मी अजून सांगितलं नाही काही."

"सांगू नगं. आवंढा गिळलास तू."

त्या माझ्या गळ्याकडे बघत होत्या. मग हसल्या, आणि हात पुढे करून पुडीचा दोरा स्वतः सोडला. किती दिवसांनी त्यांना हसताना बघितलं.

३० मार्च, पाडवा

गर्दी वगैरे काही झाली नाही. शेजारपाजारचे आले, चंद्राबाईंची माणसं आली, वाईहून बाबा बसने आले आणि साबुदाण्याच्या पाटीसमोर उभे राहून दोन कॉलेजच्या पोरींना समुद्रापलीकडचं सगळं सांगत बसले, त्यांची खिचडी गार होईपर्यंत. पेंटर शेवटपर्यंत आला नाही. आकुनीच्या जागी मीच खडूने लिहिलं: दिमापूरच्या एका घरमालकिणीकडून मनुबाईंकडे, मनुबाईंकडून इथे. अक्षर उताराला गेलं आहे. एका गिऱ्हाइकाने वास घेऊन वाटी परत पाठवली आणि मला त्याला बाहेर काढावंसं वाटलं. चंद्राबाईंनी हात धरला.

उदयने पहिला घास घेतला आणि आत जाऊन आणखी भाकरी घेऊन आला.

आत्या ओट्याजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे वाटी ठेवली. त्यांनी चटणी तोंडात घातली आणि सावकाश, खूप वेळ चघळली. मी त्यांच्या गळ्याकडे बघत उभी राहिले.

"काय कळतंय का हो आत्या?"

"आकुनी न्हाई कळत." मग परत बोट लावलं. "मिरची कमी पडलीया. अन् मीठ वाईच."

मी चाखून बघितलं. खरंच कमी होतं.

"तेवढं कळतंय मला अजून," त्या म्हणाल्या. "वासाचं तू बघ. मीठ-मिरचीचं माज्याकडं दे."

मी तव्यावर आणखी दोन मिरच्या भाजायला टाकल्या.